पेशी कोणाची

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ऋचाला, म्हणजे माझ्या मुलीला, तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते बघायची माझ्यात हिंमत नाही. हे आधीच कबूल करते, म्हणजे सुरुवात तरी खरी होईल.

मी अमरावतीत एका शाळेत विज्ञान शिकवते. चांगलं शिकवते. यात थोडी फुशारकी आहे, असू द्या. पोरं माझ्या तासाला पेंगत नाहीत. आठवीच्या पहिल्या दिवशी तर माझा एक ठरलेला खेळ असायचा. असायचा म्हणते, कारण आता मी तो करत नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘सेल’ लिहायचं आणि विचारायचं, सांगा, हे काय? मग कोणी म्हणायचं रिमोटमधला, कोणी म्हणायचं दिवाळीतला कपड्यांचा, एखादा आगाऊ पोरगा म्हणायचा पोलिसांचा सायबर सेल. वर्ग हसून लोटपोट झाला की मी सावकाश म्हणायचे, ‘आणि तुमच्या प्रत्येकाच्या गालाच्या आत जे लाखोंनी आहेत, ते?’ एकदम शांतता. ती शांतता मला फार आवडायची. शिक्षकाला दुसरं काय लागतं हो?

आमची शाळा सेमी. विज्ञानाचं पुस्तक इंग्रजी, समजावणं आणि बाकी सगळं मराठीतून. त्यामुळे पुढचा प्रश्न असायचा, ‘आणि मराठीत सेलला काय म्हणतात?’ कोणीतरी आठवून म्हणायचं, पेशी. ‘शाब्बास. मग पेशी म्हणजे काय?’ इथे सगळे अडकायचे आणि मग मी शिकवायला सुरुवात करायचे.

त्या वर्षी मात्र एक हात वर आला. नवी मुलगी. घट्ट दोन वेण्या, लाल रिबिनी, अंगात कोणाचा तरी जुना गणवेश, खांद्यावर सैल. अकोल्याकडच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आली होती. वैष्णवी. इतका वेळ सगळे गमतीची उत्तरं देतायत, बाई हसतायत, कौतुक करतायत, हे तिनं बघितलं होतं. तिला वाटलं असेल, आपल्याकडेही एक उत्तर आहे.

‘म्याडम, पेशी म्हंजे तारीख. कोर्टाची.’

वर्ग फुटला. बाकं वाजली. आणि ती उभी. आपण काय चुकलो, हे तिला कळेना.

तुम्ही वऱ्हाडातले असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. ‘उद्या पेशी आहे’ हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलंय. माझे वडील अकोल्यात वकील होते. आमच्या ओट्यावर सकाळपासून पक्षकार बसलेले असायचे आणि आई आतून विचारायची, आज किती पेश्या आहेत, म्हणजे जेवायला कधी वाढू. मला पेशीचा तो अर्थ आधी कळला आणि पुस्तकातला फार नंतर.

तर मी वर्गाला गप्प केलं. म्हटलं, ‘हसताय काय? बरोबर आहे तिचं. शब्द एक, अर्थ दोन. यातला एक तुमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता, तो हिला माहीत आहे.’ वडिलांचं सांगितलं, ओट्यावरच्या पक्षकारांचं सांगितलं. वैष्णवी खाली बसली ती माझ्याकडे बघतच. त्या दिवशी मी तिला सांभाळून घेतलं. हे मी माझ्या बाजूनं म्हणून सांगत नाही. उलट आहे. पुढचं ऐकलंत की हे किती उलट आहे ते दिसेल.

दोन-चार दिवसांनी तिची आई शाळेत आली. मुलींच्या एका मेसमध्ये ती पोळ्या करायची, मनगटापर्यंत पीठ वाळलेलं. स्टाफरूममध्ये खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. लेकीनं घरी सांगितलं होतं, म्याडमले पेशी समजते. तेवढ्यानं ती घाबरून आली होती. मला किती समजलंय ते बघायला. आणि बोलता बोलता, मी काही न विचारता, सगळं सांगून मोकळी झाली.

वैष्णवीचा बाप अकोल्याच्या जेलात होता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, सख्ख्या भावाशी भांडण झालं. हातात कुऱ्हाड होती. भाऊ जागीच गेला. केस उभी होती, तारखांवर तारखा पडत होत्या. गावात राहणं अशक्य झालं. घरात एकीकडे मेलेल्याची बायको आणि दुसरीकडे मारणाऱ्याची, कोण कोणाचं तोंड बघणार? म्हणून ही लेकीला घेऊन अमरावतीला आली. इथे सगळ्यांना सांगितलं होतं की नवरा सुरतेला कापडाच्या गिरणीत आहे.

‘म्याडम, मी तुमाले हात जोडतो. कोनाले सांगू नका. पोरगी हुशार हाये. तिले शिकू द्या.’

मी तिचे जोडलेले हात धरले. म्हटलं, ‘ताई, माझ्या तोंडून शब्द बाहेर जाणार नाही.’

आणि खरंच, माझ्या तोंडून तो गेला नाही. किती सोयीचं आहे बघा! किती वर्षं मी याच वाक्याच्या आड बसून आहे.

त्यानंतर वैष्णवी माझी झाली, असं म्हणायला हरकत नाही. बापाच्या पेशीच्या दिवशी ती शाळेत यायची नाही. आई तिला अकोल्याला घेऊन जायची. पोलिसांच्या गाडीतून उतरून कोर्टाच्या पायऱ्या चढेपर्यंत बाप दिसायचा, तेवढ्यासाठी. मी हजेरीत ‘आजारी’ लिहायचे. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी स्लाइड्स पुसत असले की ती जवळ यायची आणि हळूच सांगायची. काल बाबा दिसले. दाढी केली होती. काल दिसले नाहीत, गाडी मागच्या दारानं नेली. बस, इतकंच. हे ती फक्त मला सांगायची. कारण फक्त मला ते माहीत होतं.

दिवाळीनंतर पेशीचा धडा आला. कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कशा ओळीनं रचलेल्या विटा दिसतात, बघितलंय तुम्ही कधी? आणि मग काडीनं आपल्याच गालाचा आतला भाग हलका खरवडून बघायचा. त्या पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींवर लोळलेल्या. असं का? कारण वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भिंत असते, पेशीभित्तिका. प्राण्याच्या पेशीला भिंत नाही, नुसतं पातळ पटल. बाकी पोरं हे पाठ करतात. वैष्णवी त्यावर दोन दिवस विचार करायची. केंद्रक सगळा कारभार बघतं, तर ते बिघडलं की कोण बघतं? तंतुकणिका ताकद पुरवतात, तर उपाशी माणसाच्या तंतुकणिका काय करतात? एकदा लयकारिका शिकवत होते. त्या पेशीतला कचरा पचवून साफ करतात. पण पेशीला इजा झाली की त्या फुटतात आणि आपल्याच पेशीला पचवून टाकतात, म्हणून त्यांना आत्मघाती पिशव्या म्हणतात. तास संपल्यावर ती माझ्या मागे मागे आली. ‘म्याडम, त्या आपल्याच घराले खातात? काहून?’ मी काय उत्तर दिलं, आठवत नाही. घाईत होते बहुतेक.

त्याच वर्गात माझी ऋचा होती. हे मी इतका वेळ सांगितलं नाही, लक्षात आलं असेल तुमच्या. मुद्दाम नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्ही लगेच पुढचं ओळखलं असतं, आणि मला अजून थोडा वेळ तुमच्या नजरेत चांगली बाई राहायचं होतं.

ऋचा हुशार आहे. पण वर्गात वैष्णवी प्रश्न विचारायला लागली की ऋचा वहीत फुलं काढायची, ते मला टेबलावरून दिसायचं. घरी तिनं एकदा सहज म्हटलं, ‘आई, तू तिच्याशी बोलतेस ना, तशी माझ्याशी बोलत नाहीस.’ मी हसून उडवून लावलं. आणि ते वाक्य मनात घट्ट धरून ठेवलं. हे दोन्ही एकदम करता येतं माणसाला.

मग विज्ञान प्रदर्शन आलं. जो पहिला येईल त्याचं मॉडेल जिल्ह्याला जाणार. ऋचानं वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांचं मॉडेल केलं. ऋचानं केलं म्हणजे मीच केलं हो. थर्माकोल मीच तापल्या तारेनं कापला, रंग मीच दिले, नावांच्या चिठ्ठ्या मीच छापून आणल्या. बाजूला छोटे दिवे लावले होते, बटण दाबलं की केंद्रक लाल व्हायचं. दिसायला झकास.

वैष्णवीनं कोणाला न सांगता तोच विषय घेतला होता. सकाळी हॉलमध्ये आले तर तिच्या टेबलावर संत्र्याची एक लाकडी पेटी. ही वनस्पतीची पेशी. पेटीच्या फळ्या म्हणजे भित्तिका. आत चिकटून प्लॅस्टिकचा कागद, ते पटल. मधे पाण्यानं भरलेला मोठा फुगा, ती रिक्तिका, म्हणजे पेशीची साठवणीची जागा. हरितलवकांच्या जागी मूठभर हिरवे मूग, कारण झाडाचं अन्न तिथे तयार होतं. आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीभर पसरलेलं नळ्यांचं जाळं, त्यासाठी शेवया. आणि गॉल्गी संकुल, जिथे पेशीतला माल बांधून पुढे पाठवतात, तिथे आईच्या हातच्या दुमडलेल्या वाळक्या पोळ्यांची चळत. शेजारी प्राण्याची पेशी. नुसती एक पारदर्शक पिशवी, पाणी भरलेली, तोंड बांधलेलं. बास. मी बघत राहिले. माझ्या दिव्यांकडे मग मला बघवेना.

परीक्षक म्हणून कॉलेजातले एक प्राध्यापक आले होते. ऋचाच्या टेबलापाशी त्यांनी बटण दाबलं, छान म्हणाले, पुढे गेले. वैष्णवीपाशी ते थांबले. तिनं पिशवी दाबून दाखवली, आकार बदलला. पेटी दाबून दाखवली, काही झालं नाही. त्यांनी विचारलं, झाडालाच भिंत कशाला गं लागते?

‘झाडाले पळता येत नाई ना सर. जिथं हाये तिथंच उभं राहा लागते. जनावर पळून जाते, म्हनून त्याले भिंत नसली तरी जमते.’

ते मोठ्यानं हसले, आनंदानं. आजूबाजूचे पालक जमले. मुख्याध्यापक आले. परीक्षक म्हणाले, हे पोरीनं स्वतः केलंय, दिसतंय ना! आणि माझ्या शेजारी ऋचा उभी होती. तिनं माझ्या साडीचा पदर बोटाला गुंडाळला होता, ती लहान असताना गुंडाळायची तसा.

आता इथे मी थांबते. कारण पुढचं मी स्वतःला आजवर एका विशिष्ट प्रकारे सांगत आले आहे. ते असं, की परीक्षकांनी तिला पेशीबद्दल विचारलं, बोलता बोलता जुना विनोद निघाला, आणि ती पोर बोलून गेली. इतक्या वेळा असं सांगितलंय की कधी कधी मला तसंच आठवतं.

तसं झालं नव्हतं.

मी पुढे झाले. हसत. म्हटलं, ‘सर, हिला विचारा पेशी म्हणजे काय. जूनमध्ये फार मजेदार उत्तर दिलं होतं हिनं. सांग ना गं सरांना.’ वैष्णवीनं माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, ‘तारीख.’ सगळे हसले. परीक्षकही हसले, वा वा म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे वळायला लागले. तिथेच ते संपलं असतं. जरा गंमत झाली, तिचा रंग थोडा उतरला, एवढ्यावर.

पण गुणांच्या कागदावर त्यांचं पेन अजून तिच्याच नावावर होतं. मला ते दिसलं.

आणि मी विचारलं, ‘कोणाची तारीख, वैष्णवी?’

हे मी विचारलं. परीक्षकांनी नाही. मी. उत्तर मला माहीत होतं. तिच्या आईचे हात धरून मी ते ऐकलं होतं. मला जे माहीत होतं तेच मी तिला तीस-चाळीस माणसांसमोर विचारलं. लाडिक आवाजात.

ती खोटं बोलू शकली असती. सुरतेची गिरणी आईनं तिच्याकडून घोकून घेतली होती. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर ती सहज म्हणाली असती, आमच्या शेजाऱ्याची, गावातल्या कोणाची तरी. पण विचारत होते मी. मला सगळं माहीत आहे हे तिला माहीत होतं. ज्या बाईला खरं माहीत आहे तिच्या तोंडावर खोटं कसं बोलायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आणि बाईच विचारतायत म्हणजे सांगायचं असेल, असंही तिला वाटलं असेल का? मी यावर फार विचार केलाय. नक्की सांगता येत नाही.

‘माया बाबाची,’ ती म्हणाली.

हसू थांबलं. मागून कोणाच्या तरी आईनं विचारलं, ‘काहून बाप्पा? काय केलं बाबानं?’

आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता आलं नाही. ‘काकाले मारलं. धुऱ्यावरून.’ तिचा हात अजून त्या पाण्याच्या पिशवीवर होता. पिशवी दाबली गेली होती.

परीक्षक ‘बरं बरं’ म्हणाले आणि निघून गेले. त्या टेबलासमोर उभं राहणं त्यांना नको झालं असावं. पहिला नंबर ऋचाचा आला. मॉडेल जिल्ह्याला गेलं. तिथे काही मिळालं नाही, पण प्रमाणपत्राची फ्रेम आमच्या घरी हॉलमध्ये अजून आहे. ऋचा आता जीवशास्त्रातच पुढचं शिक्षण घेतेय. मुलाखतीत कोणी विचारलं की ती सांगते, आवड आठवीपासून लागली, पेशीचं मॉडेल केलं होतं. सांगू दे. तिचा काही दोष नाही.

वैष्णवीला सोमवारपासून वर्गात पेशी म्हणायला लागले. ‘ए पेशी, सरक.’ ‘पेशीची उद्या पेशी हाये का?’ हे मला ऐकू यायचं. मी एकदा डस्टर आपटून रागावले. पोरं मधल्या सुटीत म्हणायला लागली. घरमालकाच्या कानावर गेलं तसं त्यानं खोली रिकामी करायला सांगितली. मेसमध्ये पोळ्या खाणाऱ्या मुलींना कुऱ्हाडवाल्याच्या बायकोचे हात नकोसे झाले.

मग तिची आई शाळेत आली, मुलीचा दाखला काढायला. दाखला देणारे कारकून जागेवर नव्हते म्हणून दोघी स्टाफरूममध्ये येऊन थांबल्या. मी तिथे एकटीच होते. उठून जाता आलं असतं, पण दारात त्या दोघी होत्या.

‘म्याडम, तुमी व्हत्या ना तिथं?’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. ‘मले एक सांगा. इले कोनं विचारलं व्हतं का? का इनं आपल्याच मनानं सांगतलं?’

वैष्णवी आईच्या बाजूला उभी होती. रिबिनी नव्हत्या त्या दिवशी. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी काय म्हणते ते ऐकायला, वर्गात बघायची तसंच.

किती सोपं होतं. तीन शब्द. मी विचारलं, ताई. माझी नोकरी गेली नसती. फार तर त्या बाईनं मला शिव्या दिल्या असत्या. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, ‘मुलंच ती, ताई. बोलून जातात.’

आईनं तिथल्या तिथे तिच्या थोबाडीत मारली. एक, मग दुसरी. ‘जिभीले हाडच नाई हिच्या! बापानं एक घर बुडवलं, तू दुसरं बुडव!’ पोरीनं हात वर केला नाही. तोंड उघडलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मग खाली बघायला लागली. आणि मी काय केलं असेल? मी मधे पडले. ‘मारू नका हो लेकराला,’ म्हटलं, आईचा हात धरला. तिला पाणी दिलं. पाणी पिऊन ती रडली आणि जाताना मला म्हणाली, ‘तुमीच तेवढ्या चांगल्या व्हत्या म्याडम.’

मी नाही म्हटलं नाही.

त्या गेल्यावर कुठे गेल्या, मी चौकशी केली नाही. प्रदर्शनाचं सामान आवरताना शिपायानं विचारलं, ह्या पोळ्यांचं काय करू, मुंग्या लागल्यात. टाकून दे म्हटलं. पेटी चांगली होती. ती प्रयोगशाळेतच राहिली. आता तिच्यात परीक्षानळ्या ठेवतो. दर वर्षी आठवीला धडा येतो. मी फळ्यावर नीट दोन आकृत्या काढते, नावं देते, कार्यं सांगते. काही विचारत नाही. नव्या पोरांना वाटतं, बाई कडक आहेत.

हे इथेच संपलं असतं तर कदाचित मी तुम्हालाही सांगितलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात भावाकडे अकोल्याला निघाले होते. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसले होते. एक तरुण बाई समोर येऊन उभी राहिली. ‘म्याडम, वळखलं का?’ मी ओळखलं. न ओळखल्यासारखं केलं, क्षणभरच, आणि मग म्हटलं, ‘अगं, वैष्णवी!’ ती माझ्या पाया पडली. फलाटावर, सगळ्यांसमोर.

ती वरूडला असते. संत्री पॅक करायच्या शेडमध्ये काम करते, पेट्या भरते. शाळा पुढच्याच वर्षी सुटली. बापाला शिक्षा लागली, आता तो अमरावतीच्या जेलात आहे, त्यालाच भेटून ती परत निघाली होती. ‘आता पेशी नसते, म्याडम. आता मुलाकात राहते,’ म्हणाली आणि जरा हसली. मग ऋचाचं विचारलं. मी सांगितलं. ‘हुशारच व्हती ते,’ म्हणाली. मनापासून म्हणाली.

मग मी विचारलं, आई कशी आहे?

‘आई गेली मागच्या साली.’ ती माझ्या पायापाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत होती. ‘शेवटपर्यंत मलेच बोलत राहे. तुया तोंडानं झालं म्हने सगळं. पन मी तिले सांगतलं नाई म्याडम, कोनं विचारलं व्हतं ते. तुमाले लय मानत व्हती ते. म्हनून नाई सांगतलं.’

ती मला धीर देत होती. तुम्हाला कळतंय ना? काळजी करू नका, तुमचं नाव निघालं नाही, असं ती मला सांगत होती. इतकी वर्षं आईची बोलणी खाल्ली, माझं नाव झाकून. आणि ते ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? लाज नंतर वाटली. आधी हायसं वाटलं.

मी काय बोलले? ‘गाडी आली वाटतं,’ म्हणाले.

खरंच आली होती. तिनं माझी पिशवी उचलली, गर्दीत माझ्यापुढे शिरली, खिडकीजवळची जागा धरली, मला बसवलं. पिशवी वर ठेवली. खाली उतरून खिडकीशी आली आणि विचारलं, ‘बरोबर बसल्या ना म्याडम?’ मी मान हलवली. गाडी सुटेपर्यंत ती तिथेच उभी होती.

भावाकडे पोचल्यावर वहिनीनं विचारलं, प्रवास कसा झाला. मी म्हटलं, बरा झाला. एक जुनी विद्यार्थिनी भेटली, तिनं जागा धरून दिली.